अडीच इंचांतलं लुगडं

सुलतानपूरहून बीबी, दुसरबीड करत जालन्याच्या दिशेने निघालं की सिंदखेडराजा लागतं. १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, तिथं पाय ठेवायला जागा नसते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मूर्ती आणि पुतळ्यांची दुकानं लागतात. तिथूनच आणलेला जिजाऊंचा एक छोटा अर्धपुतळा आता माझ्या टेबलावर आहे. उंची अडीच इंच. शेजारी त्याच मापाचा एक मावळा, खांद्यावर घोंगडी टाकलेला. आणले तेव्हा दोघंही पांढरे होते. जिजाऊंच्या डोक्यावरून खांद्यावर उतरणारा पदर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा आहे. त्या नखभर जागेत रेशीम रेशमासारखं दिसलं पाहिजे आणि शेजारची लोकर हाताला टोचेल अशी वाटली पाहिजे.

हे काम तैलरंगात उत्तम होतं. ते करता करता कापडाच्या, तेलाच्या आणि रंगांच्या इतक्या गोष्टी हाती लागल्या की त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चटणी, चित्र आणि कॅनव्हास: एकाच रोपाचे

तैलरंगातलं तेल कोणतं? जवसाचं. तेच जवस, ज्याची चटणी आपण विदर्भात भाकरीवर घेतो. कुटलेली रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग तयार. आता पुढची गंमत बघा. याच जवसाच्या रोपाच्या खोडातून जो धागा निघतो त्याचं कापड म्हणजे लिनन, आणि चित्रकारांचा उत्तम कॅनव्हास लिननचाच असतो. म्हणजे ज्याच्यावर रंगवायचं ते कापड आणि ज्याने रंगवायचं ते तेल, दोन्ही एकाच जातीच्या रोपाचे. तेलासाठीचं जवस बुटकं आणि फांद्या फुटणारं, धाग्यासाठीचं उंच आणि सरळ, एवढाच फरक. वनस्पतीशास्त्रात या रोपाचं नाव ‘लायनम युसिटॅटिसिमम’. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अत्यंत उपयोगी’. इतकं खरं नाव फार थोड्या झाडांना मिळालं असेल.

वाळताना वजन वाढतं

ओलं धोतर वाळलं की हलकं होतं, कारण पाणी उडून जातं. जवसाचं तेल मात्र उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्याने घट्ट होतं. म्हणून वाळताना तेलाच्या थराचं वजन चक्क वाढतं. या सगळ्याला वेळ लागतो, आणि कापड रंगवणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच वेळ. ॲक्रिलिक रंग काही मिनिटांत वाळतो. तैलरंग तासन्‌तास ओला राहतो. पदराच्या चुणीत गडद रंग ठेवला, चुणीच्या माथ्यावर फिकट ठेवला आणि कोरड्या ब्रशने मधली सीमा हलकेच पुसत नेली की एक रंग दुसऱ्यात विरघळतो. मनासारखं झालं नाही तर टर्पेंटाइनने पुसून पुन्हा सुरुवात करता येते.

सगळे रंग मात्र सारख्या वेगाने वाळत नाहीत. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग सर्वांत चपळ, कारण त्या मातीत मँगनीज असतं आणि ते वाळण्याला गती देतं. आयव्हरी ब्लॅक कित्येक दिवस चिकट राहतो.

केसापेक्षा बारीक सूत

नवशिका माणूस पहिली चूक करतो ती धागे रंगवायची. जरा हिशोब करू. चाळीस नंबरच्या सुताची जाडी साधारण ०.१४ मिलिमीटर. माझा पुतळा खऱ्या माणसाच्या एक दशांश. म्हणजे त्याच्या अंगावरच्या कापडाचा धागा भरला ०.०१४ मिलिमीटर. माणसाच्या डोक्याचा केससुद्धा याच्या चार-पाच पट जाड असतो. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही ब्रशने ही रेघ निघणार नाही, आणि निघाली तरी डोळ्याला दिसणार नाही.

मग कापड ओळखू कसं येतं? प्रकाशावरून. दहा हातांवरून येणाऱ्या बाईच्या अंगावर सुती लुगडं आहे की रेशमी, हे आपण कधी धागा बघून ठरवतो का? उजेड कसा पडलाय, कुठं चकाकतोय, चुण्या किती आणि कशा, यावरूनच ते कळतं. माझ्या मते या कलेचं सगळं मर्म इथं आहे.

एका कापडाचा अपवाद: घोंगडी

घोंगडीचं सूत हाताने कातलेलं, जाडंभरडं, जवळपास एक मिलिमीटरचं. एक दशांश केलं तरी ०.१ मिलिमीटर उरतं, आणि चांगल्या टोकाच्या ब्रशला तेवढं जमतं. म्हणून मावळ्याच्या खांद्यावरची घोंगडी हे एकच कापड असं, ज्याचा धागा खरोखर काढता येतो.

घोंगडी होते दख्खनी मेंढीच्या लोकरीची. काळा रंग बहुतेक वेळा मेंढीचाच असतो, रंगवलेला नसतो. विणल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे ती ताठ होते आणि पावसात पाणी लवकर आत शिरू देत नाही. या खळीचा रंगकामाशी थेट संबंध आहे. खळीची घोंगडी मऊ झुळझुळीत चुण्यांनी पडत नाही. तिला मोजक्या, रुंद, जाड घड्या पडतात आणि खांद्यावर ती पत्र्यासारखी उभी राहते. ज्याने घोंगडी अंगावर घेतली आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

पहिल्या वेळी मी ती सरळ नळीतल्या काळ्या रंगाने रंगवली. वाळल्यावर खांद्यावर कोळशाचा तुकडा ठेवल्यासारखी दिसली. मग घरातली जुनी घोंगडी उन्हात अंगणात टाकून नीट बघितली. तिच्यात काळं फार थोडं होतं. सावलीत तपकिरी, उन्हाच्या बाजूला निळसर राखाडी, काठाशी लालसर झाक, आणि मधेच एखादा पांढरा केस. आता मी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून काळा करतो. तो थोडा वाळू लागला की ब्रशचं टोक उभं धरून टिप-टिप ठिपके देतो, आणि शेवटी फिकट राखाडीच्या आडव्या-उभ्या तुटक रेघा ओढतो. रेघ तुटकच हवी. अखंड ओढली की जाळी दिसते, लोकर दिसत नाही.

रेशीम चमकतं ते कशामुळे

रेशमाचा तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्रिकोणी दिसतो, गोलसर कोपऱ्यांचा लोलकच. त्याच्या सपाट बाजूंवरून उजेड आरशासारखा परततो. कापसाचा तंतू वाळल्यावर चपटा होऊन पिळा बसलेल्या फितीसारखा होतो, त्यामुळे त्याच्यावर पडलेला उजेड दहा दिशांना पांगतो. सूक्ष्मदर्शकाखालची ही गोष्ट थेट ब्रशपर्यंत येते. रेशमावर उजळ पट्टा अरुंद, धारदार आणि गडद सावलीला अगदी चिकटून द्यायचा. कापसावर उजळ भाग रुंद, मंद आणि सावलीत हळूहळू उतरणारा ठेवायचा.

पैठणीतली धूपछांव आणखी मजेची. तिथं ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून कापड हललं की रंग पालटतो. स्थिर पुतळ्यावर हा पालट दाखवायचा सोपा मार्ग आहे: सावल्या एका रंगाच्या घ्यायच्या आणि उजळ भाग दुसऱ्या. सावलीत जांभळा, माथ्यावर हिरवा. जवळून बघितलं तर चूक वाटते. हातभर लांब धरा, पदर झळाळू लागतो.

आणि मखमल? तिचं सगळंच उलट. मखमलीचे तंतू उभे असतात. समोरून बघितलं की उजेड त्यांच्यात अडकून बसतो, कडेकडेने बघितलं की तंतूंच्या बाजू उजळतात. इतर कापडात घडीचा माथा उजळ असतो. मखमलीत माथा गडद आणि कड उजळ. एवढा एक नियम पाळला तर शाळेतलं पोरही बघून ‘मखमल’ म्हणेल.

जिजाऊंच्या लुगड्याला मी करवती काठ दिला आहे. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या टसर साड्यांचा हा काठ, करवतीच्या दात्यांसारखा. टसर तुतीच्या रेशमासारखं लखलखत नाही, त्याची चमक मधासारखी मंद असते. दाते मात्र एक दशांशातही मोजता येतात. आठ तास लागले त्या काठाला, आणि प्रत्येक तास सुखाचा गेला.

पुठ्ठ्याची युक्ती

फुकटची आणि फार कामाची. तैलरंग वाळल्यावर थोडा चकाकतो, आणि सुती कापडाला चकाकी नको असते. म्हणून रंग नळीतून थेट न वापरता आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर अर्धा तास ठेवायचा. पुठ्ठा तेल शोषून घेतो, भोवती तेलाचं वर्तुळ उमटतं आणि उरलेला रंग मंद वाळतो. तो सुतासाठी. रेशमाचा रंग पुठ्ठ्यावर ठेवायचाच नाही, त्याला त्याचं तेल राहू द्यायचं. मिठाईचा खोका यासाठी चालत नाही, त्याच्यावर चकचकीत थर असतो.

नळीवरची मराठी

तैलरंगाच्या नळ्यांवर एक नाव हमखास वाचायला मिळतं: क्रिमसन लेक. परदेशी वाटतं ना? ‘क्रिमसन’ म्हणजे आपलं किरमिजी. दोन्हींचं मूळ ‘किरमिज’, आणि ते संस्कृत ‘कृमिज’पर्यंत, म्हणजे किड्यापासून झालेलं, इथवर नेतात. ‘लेक’ म्हणजे आपली लाख, लाक्षा. लाखेच्या किड्यापासून लाल रंग काढत, त्यावरून असे रंग ‘लेक’ झाले. म्हणजे पूर्ण नाव झालं ‘किरमिजी लाख’. आपलेच दोन शब्द जग फिरून नळीवर परत आले.

तसाच ‘डंगरी’ शब्द. जाडसर सुती कापडाचा आणि त्याच्या कामगारी पोशाखाचा हा इंग्रजी शब्द आला मुंबईच्या डोंगरीवरून. पुतळा आजच्या काळातला असेल आणि अंगात डेनिम असेल तर लक्षात ठेवा: त्यात ताणा निळा, बाणा पांढरा आणि वीण तिरपी. म्हणून रेघाही तिरप्या ओढायच्या आणि शिवणीच्या उंचवट्यावर पांढरा उघडा पडू द्यायचा.

धोतराला नीळ, चित्रालाही नीळ

पांढरं धोतर रंगवणं सगळ्यांत अवघड. पांढऱ्याच्या सावलीत नुसता काळा मिसळला की कापड मळकट दिसतं. सावलीत निळसर राखाडी हवी. आपल्या आया-आजींनाही हे ठाऊक होतं, म्हणून तर त्या पांढरे कपडे निळीच्या पाण्यातून काढत. त्यासाठी दुकानात मिळणारी निळीची पूड ही नीळ नावाच्या झाडाची नाही. ती अल्ट्रामरीन आहे, तैलरंगाच्या नळीत असतो तोच निळा.

हा निळा पूर्वी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्द दगडापासून काढत आणि युरोपात तो समुद्र ओलांडून जाई, म्हणून त्याचं नाव ‘समुद्रापलीकडचा’. तो इतका महाग होता की फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं होतं. १८२८ मध्ये ते गिमे या रसायनतज्ज्ञाला मिळालं. राजेरजवाड्यांना परवडणारा रंग त्यानंतर धुण्याच्या बादलीत आला.

सोनं न लावता जर

जर रंगवायला सोनेरी रंग लागतोच असं नाही. तपकिरी, पिवळी माती आणि पांढरा, एवढ्यावर जर उभी राहते. गडद तपकिरी पट्टा, त्यावर मातकट पिवळ्या बारीक टिकल्या, आणि जिथं उजेड थेट पडतो तिथंच दोन-तीन पांढरे ठिपके. ठिपके वाढवलेत की जर मरते.

खरं सोनं वापरणारी परंपराही आपल्या ओळखीची आहे. तंजावरच्या चित्रांत कापडाची आणि दागिन्यांची नक्षी उंचावून तिच्यावर सोन्याचा वर्ख बसवतात, आणि ही कला तिथल्या मराठा राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या, आश्रयाने भरभराटीला आली. चर्चमधल्या लाकडी मूर्तींसाठी स्पेन-पोर्तुगालकडे वेगळीच तऱ्हा होती. आधी मूर्तीला सोन्याचा वर्ख, त्याच्यावर रंगाचा थर, मग टोकदार काडीने रंग खरवडून नक्षी काढायची. खरवडलेल्या रेघांतून खालचं सोनं चमकतं आणि लाकडावर किनखाब उमटतो. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. गेलात तर मूर्तींच्या अंगरख्यांकडे जरा थांबून बघा.

अजिंठा आणि बामियान

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून अजिंठ्याचीच डोंगररांग जाते. त्या लेण्यांतली पाचव्या शतकातली चित्रं म्हणजे कापडाचं मोठं दालन आहे: पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, इकतसारखी नक्षी, अंग दिसेल इतकी तलम मलमल. ते रंग तेलातले नव्हेत, वाळलेल्या गिलाव्यावरचे आहेत. त्या काळातलं कापड कधीच मातीत गेलं, त्याचं रंगवलेलं रूप राहिलं.

आणि सगळ्यांत जुनी तैलचित्रं? युरोपातली नाहीत. बामियानच्या गुहांमधल्या सातव्या शतकातल्या बौद्ध चित्रांत वाळणारी तेलं सापडल्याचं २००८ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं. तैलरंगाचा शोध पंधराव्या शतकात यान व्हॅन आयकने लावला, ही गोष्ट त्याआधी शतकानुशतकं सांगितली जात होती.

प्लास्टरमधलं लुगडं, सिमेंटमधला कासोटा

रंगाशिवाय कापड कसं दाखवावं हे शिकायचं असेल तर गणपतराव म्हात्रे. १८९६ च्या सुमारास, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, विशीतल्या या मुलाने ‘मंदिरपथगामिनी’ केली. देवळाकडे निघालेली एक तरुणी, सगळी प्लास्टरमध्ये, आणि अंगाला बिलगलेलं लुगडं बघणाऱ्याला मऊ वाटावं असं. रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर लेख लिहिला.

दुसरे विनायकराव करमरकर. अलिबागजवळच्या सासवण्याचे, वडील गणपतीच्या मूर्ती करणारे. ऑटो रोथफील्ड या कलेक्टरने त्यांचं काम गावात बघितलं आणि त्यांना जे. जे.त पाठवायची सोय केली. याच रोथफील्डने पुढे १९२० च्या सुमारास भारतीय स्त्रियांवर पुस्तक लिहिलं आणि त्यातली चित्रं काढली एम. व्ही. धुरंधरांनी, प्रांतोप्रांतीच्या नेसणीसकट. धुरंधरांची ती चित्रं वेशभूषेचा अभ्यास म्हणून मी पुन्हा पुन्हा बघतो. सासवण्याला करमरकरांच्या घरीच आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. ‘मत्स्यगंधा’ बघा. साधं सिमेंट, पण कोळिणीची नेसण किती घट्ट बसलीय ते डोळ्याला कळतं.

छापील चित्राला खरी साडी

राजा रविवर्म्यांनी देवींना नऊवारी नेसवली, आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून त्या घराघरांत पोचवल्या. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लोकांनी त्यापुढे जाऊन त्या छापील देवींना खऱ्या कापडाची साडी, जर आणि टिकल्या चिकटवल्या. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक जपून ठेवतात. हल्ली गणपतीच्या मूर्तीला खरं धोतर नेसवायची आणि फेटा बांधायची पद्धत आली आहे. तिची आजी म्हणजे ही चित्रं.

आणि एक गैरसमज दूर करतो. हातात दिवा घेऊन उभी असलेली, उजेडाने साडी उजळून निघालेली तरुणी, ते म्हैसूरचं प्रसिद्ध चित्र रविवर्म्यांचं नाही आणि तैलरंगातलंही नाही. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र, आणि चित्रातली तरुणी त्यांची मुलगी गीता.

नळी आणि दांडेकर

१८४१ च्या आधी चित्रकार तेलात घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत आणि टाचणीने भोक पाडून काढत. त्या वर्षी जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने दाबता येणाऱ्या पत्र्याच्या नळीचं पेटंट घेतलं. दात घासायची पेस्टही पुढे त्याच नळीत आली. आपल्याकडे १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरुवात केली, त्यातून कॅम्लिन उभी राहिली आणि तिचे उंटछाप रंग खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोचले. माझ्या टेबलावरच्या निम्म्या नळ्यांवर उंट आहे.

सुरुवात करणार असाल तर

पुतळ्याला आधी ॲक्रिलिकचा हात द्या, वर तेल चढवा. उलट केलंत तर थर सुटतो. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, पुढचे थर तेलाचा अंश वाढवत. एखादी चिंधी घ्या, वाटीवर किंवा भोपळ्यावर टाका, खिडकीशी ठेवा आणि ती बघूनच चुण्या रंगवा.

आणि एक गोष्ट मनावर घ्याच. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका. तेल हवेतला प्राणवायू घेताना उष्णता सोडतं. चुरगळलेल्या चिंधीत ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात तर हा धोका आणखी वाढतो. काम झालं की चिंधी घराबाहेर, मोकळ्या जागी सपाट पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.